काठीचं दुसरं टोक

ही गोष्ट खरी आहे. पटली तर वाचा, नाही पटली तर सोडून द्या. मला कुणाला पटवत बसायची हौस नाही.

माझ्या घरात माझ्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. मुलगे जात नाहीत, सुना जात नाहीत. जावईसुद्धा मी नुसतं ताटाकडे पाहिलं की उरलेला घास संपवतो. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. मी घाबरट बाई नाही, एवढं आधी कळावं म्हणून सांगते.

शाळा मी फार शिकले नाही. लिहिण्यात चुका असतील.

घडलं त्यात चूक नाही.

थंडीचे दिवस होते. माझी नात ज्या निवासी शाळेत शिकायची, तिथल्या पालक मेळाव्याची ती आदली संध्याकाळ. शाळा गावापासून लांब, रस्ता संपतो तिथे. पुढे नुसती शेतं. मुलींचं वसतिगृह म्हणजे एक लांबलचक खोली, वर पत्रा, दोन्ही भिंतींना लागून लोखंडी खाटा. खाली उतारावर पाण्याची टाकी. वाऱ्यानं पत्रा वाजला की पाहुणा दचकतो, मुली दचकत नाहीत.

नात म्हणजे माझ्या धाकट्याची मुलगी. आम्ही तिला भिंगरी म्हणतो. एका जागी बसणं तिला ठाऊक नाही, आणि तोंड तर पायांच्या पुढे. दर रविवारी तिचा फोन यायचा. दुसऱ्या कुणाला बोलू द्यायची नाही.

मग ते फोन बदलले.

"कशी आहेस गं?"

"बरी आहे."

"जेवलीस?"

"हो."

आणि मग नुसता श्वास... तिचा श्वास, बराच वेळ.

सून म्हणाली, "आई, वयात येतेय ती. असं होतं." मी म्हटलं, "वयात मीही आले होते, मुकी झाले नव्हते." आणि पिशवी भरली. मेळाव्याच्या आदल्या दिवशी आई-आजीला वसतिगृहात राहू देतात. मी राहणार आणि पोरीला घेऊन येणार, असं सांगून निघाले. धाकटा दुसऱ्या दिवशी जीप घेऊन येणार होता.

पोचले तेव्हा उन्हं कलली होती. मैदानात खुर्च्या मांडणं चाललं होतं. मुली रंगीत कागद कापत होत्या, एक बाई शिट्टी वाजवून कवायत घेत होत्या, पेटीवर कुणीतरी तीच ओळ पुन्हा पुन्हा चुकवत होतं. गडबड नुसती.

भिंगरी धावत आली नाही.

चालत आली. हळू. पाऊल उचलायचं, थांबायचं, मग टेकवायचं... असं.

"काय गं, जमिनीनं पाय धरलेत का तुझे?" मी म्हटलं.

ती हसली नाही. पाया पडली नाही, गळ्यात पडली नाही. "आजी, आलीस," म्हणाली. जशी एखादी बाई शेजारणीला म्हणते.

चेहरा उतरलेला. मनगटं काडीसारखी. पण दोन वेण्या मात्र घट्ट, सरळ, भांग अगदी मधोमध. भिंगरीला स्वतःची वेणी कधी घालता आली नाही. घरी ते काम माझं.

"वेणी कुणी घातली?"

तिनं बाजूला पाहिलं. बाजूला कुणी नव्हतं.

"जोडीदारणीनं," ती म्हणाली.

त्या शाळेत सगळं जोडीनं असतं. मुलगी आली की पहिल्या दिवशी तिला जोडीदारीण देतात. शेजारची खाट तिची. एकमेकींची वेणी घालायची, एकमेकींच्या पाठीला साबण लावायचा, एकीला ताप आला की दुसरीनं उशाशी बसायचं. भिंगरीची जोडीदारीण मला माहीत होती. फोनवर तिचंच पुराण असायचं. सगळं हळू करायची म्हणून मुली तिला सावकाश म्हणायच्या. "आजी, सावकाशनं आज एक चपाती संपवली, कालपासून खात होती!" असलं काहीबाही सांगून ही खिदळायची.

मला बरं वाटलं. म्हटलं, मैत्रीण तरी आहे.

मग पाण्याची घंटा झाली.

मुली टाकीवरून खोलीत पाणी आणतात. भरलेली बादली काठीत अडकवायची, काठीची दोन टोकं दोघींनी धरायची आणि चढ चढायचा. मी पायरीवर बसून बघत होते. जोड्या येत होत्या. कुणाचं पाणी हिंदकळतंय, कुणी हसतंय, कुणी मागचीला शिव्या घालतंय.

शेवटी भिंगरी आली.

काठीचं एक टोक तिच्या हातात. मधे बादली. भरलेली.

आणि दुसरं टोक...

दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं.

काठी आडवी होती. सरळ. बादली मधोमध लटकत होती, जड वस्तू लटकते तशी. भिंगरी एक पाऊल टाकायची, थांबायची. काठीही थांबायची. मग दोन्ही टोकं मिळून पुढं यायची.

पाण्याचा थेंब सांडला नाही.

संध्याकाळचा उजेड भरपूर होता. माझे डोळे अजून सुईत दोरा ओवतात. पुढच्या मुली मागं वळून बघत होत्या, "चला गं लवकर!" म्हणत होत्या. एकीलाही नवल वाटत नव्हतं.

मी, जिचं तोंड आजवर कुणी बंद केलं नाही, ती गप्प बसले. भिंगरी माझ्याजवळून गेली. काठीचं मोकळं टोक माझ्या गुडघ्याशी आलं. जरासं वळलं. म्हाताऱ्या माणसाला धक्का लागू नये म्हणून पोरं वळतात ना, तसं.

मी उठले आणि रेक्टरबाईंच्या खोलीत गेले.

वसतिगृह बघणाऱ्या बाई या. चांगल्या आहेत. थकलेल्या. टेबलावर बक्षिसांचे पेले पुसत बसल्या होत्या.

"माझ्या नातीची जोडीदारीण कुठं आहे?" मी विचारलं.

त्यांचा हात थांबला. "तुम्हाला घरी कुणी सांगितलं नाही?"

"मला कुणी काही सांगत नाही. सगळे माझ्या जिभेला भितात. तुम्ही सांगा."

त्या बोलल्या. पावसाळा संपता संपता सावकाशला ताप भरला होता. दुपारी मुली वर्गात असताना तिला गाडीत घातलं आणि मागच्या दारानं नेलं. वाटेतच गेली. वडील परस्पर घेऊन गेले. तिची कपड्यांची पेटी नंतर दूधवाल्याच्या गाडीतून पाठवली.

"आणि मुलींना?"

"संध्याकाळी सांगणार होतो. पण आधी हजेरी होती."

हजेरीही तिथं जोडीनं. एका दिवशी एकीनं दोघींचं उत्तर द्यायचं, दुसऱ्या दिवशी दुसरीनं. त्या दिवशी पाळी भिंगरीची होती. बाईंनी सवयीनं जोडीचं नाव घेतलं आणि भिंगरी सवयीनं म्हणाली, दोघी आहोत.

"मला टोकवेना हो," बाई म्हणाल्या. "तिचा चेहरा बघून... म्हटलं, आजचा दिवस राहू दे. उद्या सांगू."

"मग उद्या सांगितलंत?"

"दुसऱ्या दिवशी पाळी सावकाशची होती."

"मग?"

बाई पुन्हा पेला पुसायला लागल्या. "मग आलं ना उत्तर," म्हणाल्या.

दूध आलं, पेपर आला, म्हणतात ना. तसं म्हणाल्या.

"तुम्ही ऐकलंत?"

"सगळ्यांनी ऐकलं. पहिल्यांदा दोघी-तिघी रडल्या. मग... रोजच येतं, आजी. कुणाला त्रास देत नाही ती. बरं, आता सांगायचं तरी कुणी?"

"मेलेल्या पोरीची हजेरी घेता आणि वर मला विचारता कुणी सांगायचं?" माझा आवाज चढला. "लाज वाटते का काही?"

बाई खाली मान घालून म्हणाल्या, "वाटायची."



दिवे लागल्यावर हजेरी झाली. मी मुद्दाम दाराशी उभी राहिले. जोड्यांमागून जोड्या, "दोघी आहोत, दोघी आहोत." भिंगरीच्या जोडीचं नाव आलं. भिंगरी ओठ मिटून समोर बघत होती.

मला काही ऐकू आलं नाही. काहीच नाही. पत्रासुद्धा वाजायचा थांबला होता...

बाईंनी मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं.

झोपायच्या आधी मी भिंगरीच्या खाटेवर बसले. शेजारची खाट रिकामी. चादर ताठ ओढलेली, उशीला मात्र खळगा.

"उद्या घरी चल. ही शाळा बास."

"नाही येणार."

"मी विचारत नाहीये, सांगतेय."

"आजी, मी गेले की ती कुणाबरोबर राहील?"

"ती मेली गं, बाळ."

"मला माहितेय," भिंगरी म्हणाली. "तिला नाही माहीत."

"मग सांग तिला."

"तू सांगशील? मला नाही येत." एवढं बोलून ती थकली. ते फोनवरचे श्वास आठवले मला. घोट घोट आटत चाललेली पोर. आणखी एक पावसाळा इथे काढला तर या जोडीतली दुसरीही मागच्या दारानं जाईल, हे मला तेव्हा स्वच्छ दिसलं.

मग कोण मेलं आणि कोण नाही, हा हिशेब मी सोडून दिला. माझी पोर मला जिवंत घरी न्यायची होती. बस.

दुसऱ्या दिवशी मेळावा झाला. गाणी झाली, भाषणं झाली. एका पाहुण्यानं इतकं लांबवलं की पुढच्या ओळीतली एक आई घोरायला लागली. शेवटी जोड्यांची कवायत. हात धरून गिरक्या घ्यायच्या. भिंगरी एकटीच हात लांब करून फिरत होती. मी डोळे मिटले. टाळ्या ऐकू आल्या. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "ती शेवटची जोडी काय सुरेख नाचली!"

मी त्यांना विचारलं नाही, तुम्हाला काय दिसलं. विचारून काय करणार होते?

धाकटा जीप घेऊन फाटकाबाहेर उभा होता. मी पेटी भरली. भिंगरीनं अडवलं नाही, मदतही केली नाही. रेक्टरबाई आल्या. हळूच म्हणाल्या, "आजी, आमची एक पद्धत आहे. मुलगी शाळा सोडते तेव्हा दोघींनी पेटी फाटकापर्यंत उचलून न्यायची. राहणारीनं जाणारीला म्हणायचं, जा, मी आहे. मग जोडी सुटली."

"आणि सावकाशची पेटी?"

"दूधवाल्यानं नेली ना."

म्हणजे त्यांची जोडी सोडवलीच नव्हती कुणी.

भिंगरीनं पेटीची एक कडी धरली. दुसरी कडी आपोआप उभी राहिली... पेटी जमिनीवरून सुटली.

मी मागून चालत होते. फाटक लांब नाही. पण एक पाऊल, थांबणं, एक पाऊल... वाट सरता सरेना. मैदानात पालक मुलींना खाऊ भरवत होते, फोटो काढत होते. ऊन होतं. दिवसाढवळ्या हे सगळं.

फाटकाशी पेटी थांबली. खाली आली नाही. हवेतच.

भिंगरी वाट बघत होती. बाई वाट बघत होत्या. मी वाट बघत होते.

"ती म्हणत नाहीये," भिंगरी म्हणाली.

"मग सोड कडी आणि चल."

"सुटत नाही, आजी."

मी तिची बोटं सोडवायला गेले. हट्टानं धरलेली नव्हती. चिकटलीच होती. पांढरी पडली होती, गार. पोरगी रडत नव्हती. तिला रडायचंही त्राण नव्हतं.

तेव्हा मी त्या रिकाम्या बाजूला वळले. माझ्या नातवंडांना झापते तशीच झापली मी तिला.

"ए पोरी, इकडे बघ. तुला न सांगता नेलं, वाईट केलं त्यांनी. तुझी काही चूक नाही. पण हिचं काय चाललंय, दिसत नाही तुला? मैत्रीण म्हणवतेस ना? सोड तिला."

काही नाही.

"सोड म्हणते ना!"

काही नाही. पेटी तसूभर हलली नाही. मग कडी किंचित कुरकुरली... मुलाचा हात थरथरतो तेव्हा हातातली वस्तू कुरकुरते, तशी.

एकटं राहायला भीत होती हो ती.

माझ्या तोंडून निघून गेलं. ठरवून नाही.

"जा. मी आहे."

पेटी धाडकन खाली आपटली. भिंगरीचा हात सुटला. तिनं हाताकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं आणि पळत सुटली. पळत! मागं वळूनही न बघता जीपमध्ये जाऊन बसली.

मी आत राहिले. फाटकाच्या आत.

धाकटा ओरडला, "आई, चल ना!" मी म्हटलं, "तू नीघ. मी इथेच राहणार आहे." तो हसला, त्याला वाटलं म्हातारी चेष्टा करतेय. मग माझा चेहरा बघून हसायचा थांबला. पेटी चढवली. भिंगरीच्या बाजूचं दार धरून जरा वेळ उभा राहिला. मग दार लावलं.

तो जरा वेळ... माझ्या मनातून गेला नाही.

आता मी इथेच असते. सावकाशच्या खाटेवर झोपते. मुलींची बटणं शिवते, उवा बघते, भांडणं सोडवते. मुली मला टरकून असतात आणि रात्री गोष्ट सांगा म्हणून पाठ सोडत नाहीत. मोठा मुलगा फोनवर ओरडला, "आई, घर सोडून कुठे जाऊन बसलीस? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "म्हणू दे. तेवढाच त्यांना उद्योग." सुनांना फार दुःख झालेलं नाही. मला आवाजावरून कळतं.

भिंगरी घरी धडाधड जेवते, उड्या मारते. फोनवर कुणाला बोलू देत नाही.

आणि इथे... काही नाही.

काठी उचलली जात नाही. उशीला खळगा पडतो तो माझ्याच डोक्याचा. हजेरीला माझी पाळी असते तेव्हा मी म्हणते, दोघी आहोत. तिची पाळी असते तेव्हा बाई थांबतात, मग पुढचं नाव घेतात. आता त्या मान हलवत नाहीत.

एकदा मी धाकट्याला फोन केला.

"त्या दिवशी जीपचं दार लावताना थांबला का होतास?"

"अजून कुणी यायचंय का म्हणून मी विचारलं, तर भिंगरी म्हणाली, थांबा जरा."

"कशासाठी?"

"मी नाही विचारलं. का गं?"

भिंगरीला विचारलं. तिला आठवत नाही. खिदळली.

त्या दिवसापासून मला झोप नाही. जा, असं मी म्हटलं खरं, पण फाटकात तेव्हा दोघी उभ्या होत्या. गेली कोण? ती पोर इथं असेल तर मला हलता येत नाही. घरी गेली असेल तर मी इथं बसून कुणाची राखण करतेय?

परवा एक नवीन मुलगी आली. लहानशी. मुलींची संख्या विषम झाली, ती एकटी उरली. बाई म्हणाल्या, "आजी, हिला तुमच्याबरोबर देऊ?" मी नको म्हटलं. माझी जोडी आहे म्हटलं.

काल संध्याकाळी सगळ्या मुली अभ्यासाच्या खोलीत गेल्या. नवीन मुलगी भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून रडत होती. घरची आठवण. मी खोलीच्या या टोकाला बटण शिवत बसले होते. उठणारच होते. सुईतला दोरा तेवढा संपवू म्हटलं.

तिच्या पाठीवरचं पांघरूण दबलं.

पुन्हा वर आलं.

पुन्हा दबलं... हळू. फार हळू. कुणी थोपटावं तसं.

मुलीचं रडणं कमी कमी होत थांबलं.

खरं सांगते, मला हलकं वाटलं. आधी तेवढंच वाटलं. ती घरी गेली नाही. माझ्या भिंगरीपाशी नाही. इथेच आहे. वाटलं, आता उठावं आणि पिशवी भरावी.

मुलगी कुशीवर वळली. डोळे सुजलेले, पण शांत.

"आजी, तुम्ही थोपटलंत ना मला?"

"हो," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातल्या सुईकडे पाहिलं. मग आमच्या दोघींच्या मधे असलेल्या त्या सगळ्या रिकाम्या खाटांवरून तिची नजर सावकाश परत गेली.



पिशवी मी काढून ठेवली आहे. अजून भरलेली नाही.